लटारूने वाढवलेली पोत

गोंडपिपरीचा लटारू आयटीआयमध्ये फिटर झाला आणि कोणालाही न विचारता दागिने घडवायला बसला. सायकलचे छर्रे घालून तो झुमके करायचा. मान हलवली की ते गरगर फिरत. कॉलेजच्या पोरी ते हौसेने घालत, पण लग्न झालेल्या बाया त्याच्या ओट्यावरच्या दुकानाकडे फिरकत नसत. ग्रीसने माखलेल्या हातात सौभाग्याचं लेणं कोण देणार? धानाच्या मिलवर राबणाऱ्या त्याच्या बापाने, पोचूभाऊंनी, शेवटचं सांगून टाकलं होतं, "वैशाखातले लग्नं आटपेपर्यंत एकही घरंदाज बाई आली नाई, तर हे दुकान बंद. मिलवर चाल माझ्यासंगं."

मिलचं नाव काढलं की लटारू कानस जोरजोरात चालवू लागे.

आणि चैत्रात मुखरूभाऊ पुडी घेऊन आले. त्यांच्या बायकोचा, सुगंधाबाईचा, शब्द अख्ख्या गावात चालायचा.

"सुगंधानं मोहाच्या झाडाखाली पोत वाढवली. गळ्यात हळकुंड बांधून बसली हाय. पोरीच्या लग्नाआधी पाहून दे," एवढं बोलून मुखरूभाऊ सायकलवर बसलेसुद्धा.

पुडीत मंगळसूत्राचे सुटे काळे मणी आणि दोन वाट्या. वाढवायची म्हणून बाईनेच सोडली असणार, असं लटारूने धरलं. बिचाऱ्याची तरी काय चूक? आई लहानपणीच गेलेली, घरात सगळे बाप्ये. बायकांची बोली त्याच्या कानावर पडणार कुठून?

पण किती वाढवायची? माप नसलं की फिटर आंधळा. मग त्याने मापाची कटकटच मिटवली. पितळेची दोन मोहफुलं घडवली, अगदी झाडावरून टपकल्यासारखी फुगीर. एकात छर्रा आणि बॉलपेनची स्प्रिंग बसवली. फूल दाबलं की पोत सरकेल, सोडलं की जागच्या जागी थांबेल.

पोरीच्या लग्नाच्या मांडवात सुगंधाबाईंनी लटारूने आणलेली पोत गळ्यात घातली, ती थेट बेंबीला टेकली. बाया पदर तोंडात कोंबून हसू लागल्या.

"काऊन रे, मले पोत देल्ली का बैलाले कासरा?"

"तुमीच वाढवाले सांगितलं ना, बाई."

"अरे येड्या, वाढवली म्हंजे तुटली! असं अभद्र बोलू नाई म्हणून वाढवली म्हणते. दिवा विझवत नाई, वाढवते. दुकान बंद नाई करत, वाढवते. समजलं?"

लटारूचे कान लालबुंद झाले. गेली आपली मिस्त्रीगिरी, असं वाटून त्याला रडूच यायला लागलं. तरी कसाबसा म्हणाला, "बाई, डावं फूल दाबा."

सुगंधाबाईंनी दाबलं. खट्ट! पोत वर सरकून गळ्याशी बसली. पुन्हा दाबलं, खाली आली.

"धानाच्या रोवण्यात वाकलं का चिखलात लोंबते ना? तवा वर घ्या. मांडवात खाली," लटारूने समजावलं.

हसणं एकदम थांबलं. सुगंधाबाई लहान पोरीसारख्या वरखाली करत बसल्या. त्यांची नणंद कांता पुढे घुसली, "माही पण वाढव रे!" आणि लगेच तिने जीभ चावली. मग जो हशा पिकला, त्यात वाजंत्रीसुद्धा बुडाली.

लग्न आटपलं आणि लटारूच्या ओट्यावर बायांची रीघ लागली. एका दुपारी तो मान खाली घालून स्प्रिंग कापत होता, तेवढ्यात मागून बापाचा आवाज आला, "लटारू, दुकान वाढव."

आता लटारू शहाणा झाला होता. शब्दाचा अर्थ त्याला चांगला ठाऊक होता. एवढं करूनही बापाला पटलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं. तो छर्रे डब्यात भरू लागला.

"हे काय करून राह्यला?"

"बा, तूच म्हटलं ना, वाढव."

"अबे, बाया उन्हात उभ्या हायेत, ओट्यावर बसाले जागा नाई! खरंच वाढव म्हणतो," असं म्हणत पोचूभाऊंनी मिलवरून खांद्यावर आणलेली लांब फळी ओट्याला टेकवली.