मी गाळलेलं वाक्य

बायकोने सांगायला दिलेलं एक वाक्य मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

बँकेच्या बदलीने आम्ही जयपूरला आलो, तिथल्या मानसरोवर भागात भाड्याने राहू लागलो. मुलगी नोकरीसाठी परगावी. बायकोचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. बाकी सगळीकडे तिच्या वतीने मीच बोलायचो. पाळी बंद होऊन चार वर्षं झाल्यावर तिला एकदा रक्ताचा डाग दिसला. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ती म्हणाली, "अहो, ते डागाचंही सांगा हं."

डॉक्टरांचं खातं आमच्याच शाखेत. "आइए, मैनेजर साहब," म्हणत त्यांनी चहा मागवला. त्या चहासमोर मला ते शब्द उच्चारवेनात. "इनको बस कमज़ोरी रहती है," मी म्हणालो. लोहाच्या गोळ्या घेऊन आम्ही परतलो.

सात महिन्यांनी पुन्हा रक्त गेलं, या वेळी पुष्कळ. आता स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं. त्याचा तुकडा काढून तपासायचं ठरलं.

"पहली बार कब हुआ?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "सात महीने पहले. एक दाग."

"पाळी बंद झाल्यावर एक डागसुद्धा तपासून घ्यायचा असतो, तेव्हाच का नाही आलात," असं बाई हिंदीत म्हणाल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही.

तिला आत नेलं. तिच्या चपला आणि पर्स घेऊन मी बाकावर बसलो. मुलीला फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला. काय सांगणार होतो?

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला. कुठवर पसरलाय ते ऑपरेशननंतरच नक्की कळणार होतं. घरात आम्ही दोघंच, आणि बोलणं दूध, गॅस, किल्ल्या एवढंच. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती बॅग भरत होती.

"त्या दिवशी मी डॉक्टरांना..."

"ठाऊक आहे," ती गाऊनची घडी घालत म्हणाली. "बोलता येत नसलं तरी हिंदी कळतं मला. चहा संपल्यावर तरी सांगाल, म्हणून वाट बघत होते."

मी तिच्या हातातला गाऊन बाजूला ठेवला.

"मला लाज वाटली, म्हणून मी तुझं दुखणं लपवलं. चुकलो मी. मला माफ कर."