दाजींच्या सात चिठ्ठ्या

आमच्या दाजींनी वर्षभरात फक्त सात कामं केली, असं विद्यापीठाच्या अहवालात छापून आलं होतं. छापणाऱ्याचे डोळे फुटले होते की काय, कोण जाणे!

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. प्रयोगशाळेत काच तापवून, फुंकून नळ्या आणि चंबू घडवायचे. मी तिथलाच स्टोअरकीपर, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यांनी जोडलेली निर्वात नळ्यांची मांडणी अकरा वर्षं चालू होती. आत हवा शिरली की प्रयोग मातीत, पण ती कधी शिरलीच नाही. तिच्या जिवावर तिघं डॉक्टर झाले आणि आमचे सर परदेशात भाषणं ठोकून आले.

मग संशोधनाची कार्यक्षमता मोजायला एक साहेब आले. आम्ही त्यांचं नाव मापटे ठेवलं. त्यांनी सरांचे पेपर मोजले आणि कारागिरांच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या मोजल्या. एक चिठ्ठी म्हणजे एक काम. आमचा मेकॅनिक एकच पंप नऊ वेळा दुरुस्त करायचा, कारण तो नऊ वेळा बिघडायचा. त्याच्या चिठ्ठ्या दोनशेवर, म्हणून तो पहिला! दाजींच्या सात. पन्नासच्या खाली असेल त्याची जागा रद्द. दाजींच्या निवृत्तीला चार वर्षं होती आणि धाकटीचं कॉलेज व्हायचं होतं.

"दाजी, नळ्या फोडा, जोडा आणि चिठ्ठ्या लिहा," मी म्हणालो. "सगळे तेच करतात."

"हात नाही उठत रे."

"मग बसा हात चोळत!"

शेवटी मीच मापट्यांकडे गेलो. "साहेब, ती मांडणी फुटत नाही ती दाजींमुळेच."

"पुरावा?"

"फुटली नाही, हाच पुरावा."

"न घडलेल्या गोष्टीला आमच्याकडे रकाना नाही," ते गोड आवाजात म्हणाले. देव अक्कल वाटत होता तेव्हा हा बाबा रांगेतली डोकी मोजत बसला असणार.

जागा रद्द झालीच. नोकरीच्या शेवटच्या दिवशी दाजींनी मांडणी थांबवून प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. खालच्या सांध्याला केसाएवढी चीर निघाली. मी धावत चिठ्ठ्यांचं पुस्तक आणलं. निदान आठवी तरी होईल! दाजींनी बर्नर पेटवला, सांधा लाल करून चीर मिटवली आणि काच सावकाश निवू दिली.

"राहू दे ती चिठ्ठी," ते म्हणाले. "आता कुणाला दाखवायचीय?" डबा उचलला आणि घरी गेले. ताई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जणू मीच मोजलं होतं.

परवा नवा अहवाल आला. पान बावीस: 'काचकाम बंद केल्यापासून मांडणीत एकही बिघाड नाही. सबब, निर्णय योग्य ठरला.'

माझं डोकंच फिरलं. ते पान फाडून मी तडक दाजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "तो खालचा सांधा टिकला."