चौघींतली एक

आधीच सांगते, मी चाकणला कंपनीत क्वालिटी बघते. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. अंगात येणं, बाहेरची बाधा वगैरे ऐकलं की हसू येतं. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

मला फोटोग्राफीचं वेड. जुन्या घरांत जपलेले माणसांचे फोटो मागून घ्यायचे, त्यांवर किडे येऊ द्यायचे आणि मॅक्रो लेन्सने अगदी जवळून टिपायचं. मुंग्या हव्यात तिथे ब्रशने गुळाचं पाणी लावते. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत मला 'किडेवाली' म्हणतात. म्हणू देत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कंपनीतल्या शीतलच्या सासरी गेले, चाकणजवळच्या गावात. तिचे आजेसासरे, तात्या, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी एक जुना फोटो आणला — नऊवारीतल्या चार जावा, ओळीने बसलेल्या. त्यातली एक तात्यांची आई. तात्या तान्हे असतानाच ती गेली, आणि कोणती ते सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"पितराचं पान वाढतो तवा चौघींनाबी हात जोडतो," तात्या म्हणाले. "पन मरायच्या आदी आपली कोन ते कळाया पायजे, पोरी."

सकाळी अकराला ओसरीवर फोटो काचेतून काढून ठेवला. कडेच्या पुठ्ठ्याला गूळ लावला, मुंग्या आल्या. तेवढ्यात कुठूनसा खंडोबाचा घोडा — तो हिरवा, पुढचे पाय जोडून बसणारा किडा — तिसऱ्या बाईच्या मांडीवर येऊन बसला. मी कागदावर घेऊन त्याला अंगणात सोडला. दहा मिनिटांत परत, तिथेच. गूळ सांडला असेल म्हणून पाहिलं, तर कोरडं. पुन्हा सोडला आणि फोटोच गोल फिरवून, डावी बाजू उजवीकडे करून ठेवला. तर हा पठ्ठ्या बाकीच्यांना ओलांडून बरोबर तिच्यापाशी.

"अगं, आता नको हाकलूस," शीतल हळूच म्हणाली.

मग क्लिक केलं. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर किड्याच्या पायाशी, नुसत्या डोळ्यांना पदराची चुणी वाटेल तिथे, एक इवलीशी मूठ होती. पदराआड बाळ होतं. आणि त्याच्या अंगठ्याला चिकटून आणखी एक छोटा अंगठा.

तात्यांनी आपला डावा हात स्क्रीनशेजारी धरला. जोड अंगठा. मग कितीतरी वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. सरळ सांगते, मी रडले.

मूठ कॅमेऱ्याने दाखवली, ते कळतं मला. पण त्या किड्याला काय ठाऊक? ऊन, वास, कागद — सगळं तपासलं. कारण सापडलं नाही, अजूनही नाही.

वाकडला माझ्या फोटोंचं प्रदर्शन होतं; त्यात तो फोटो लावू का, विचारायला मी कचरत होते. तात्यांनीच विषय काढला.

"लाव की," म्हणाले. "खाली लिव्ह, ही माझी आई हाय म्हून."