उटकटारीवाले मामा

काट्यांनी भरलेल्या रोपासमोर गुडघे टेकून "हनुवटी जरा खाली घ्या" असं सांगणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच असेल, आणि तो मला मामेसासरे म्हणून मिळाला आहे. पंचवटीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. किती बारशांचे आणि साखरपुड्यांचे फोटो त्यांनी काढले असतील, त्याला गणती नाही. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, स्टुडिओ बंद झाला, मामी गेल्या, मुलगा पुण्याला गेला. समोर बसायला माणूस उरला नाही, तेव्हा मामांनी उटकटारी धरली.

दिवाळीनंतर ही काटेरी रोपं माळावर फुलतात. निळसर जांभळे चेंडूच ते, शेंड्याकडून खाली उमलत येणारे. दर रविवारी मी मामांना स्कूटरवर बसवून पेठ रस्त्याला, रामशेज किल्ल्याच्या पायथ्याच्या माळावर नेतो. तिथे माझं काम छत्री धरण्याचं. "जावईबापू, सावली! तुमची नव्हे, छत्रीची!" असं ओरडत ते कॅमेरा घेऊन पोटावर आडवे होतात, खाली कुसळं असोत की शेण, त्यांना फिकीर नसते. वाऱ्याने फूल डुललं की चुळबुळ्या करवलीला दटावावं तसं त्याला दटावतात, आणि मधमाशी येऊन बसली की "पाहुण्यांचं होऊ द्या" म्हणून थांबतात. एकदा माळावरून परस्पर एका साखरपुड्याला गेले आणि व्याह्यांना कडकडून भेटले. व्याही "आई गं!" म्हणाले ते काही प्रेमाने नव्हे, मामांच्या सदऱ्यात अर्धं झाड अडकलेलं होतं.

गेल्या रविवारी मामा असेच आडवे झालेले असताना रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. पेठकडे गावी निघालेलं जोडपं, बाईच्या कडेवर तान्ही मुलगी. नवरा मोबाइल पुढे करत म्हणाला, "बाबा, आमचा एक फोटो काढा ना. तिघं कधी एकत्र येतच नाय. काढणारा एक राहूनच जातो."

मामा उठले. मुलालाही हात लावू देत नाहीत तो कॅमेरा त्यांनी माझ्या हातात दिला. नवऱ्याची कॉलर सरळ केली. "ताई, पदर असा घ्या." ऊन पाहून दोनदा जागा बदलली. पोरगी हसावी म्हणून तोंडाने चिमणीचा आवाज काढला, आणि ती खरंच हसली.

"लय भारी आला, बाबा!" म्हणत मंडळी निघाली. मोटरसायकल वळणाआड जाईपर्यंत मामा बघत राहिले.

"नंबर दिला असता तर त्यांनी तुम्हालाही पाठवला असता फोटो," मी म्हणालो.

"त्यांचा फोटो मी ठेवून काय करू?" ते म्हणाले. मग सदऱ्यातली कुसळं उपटत, "पूर्वी लोक फोटो न्यायला परत यायचे हो. पाकीट दारातच उघडायचे. एकमेकांना दाखवायचे. मी आपला काउंटरमागून बघायचो."

ऊन कलायला लागलं होतं. समोरचं फूल वारा पडल्यामुळे अगदी स्तब्ध उभं होतं, मामांना हवं असतं तसं. पण त्यांनी कॅमेरा मागितला नाही, आणि मीही पुढे केला नाही. दोघं तिथेच बसलो, रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून.