चेसीतलं मीठ

एका धडधाकट पिकअप गाडीला मी मीठ घालून मारलं. विष घालून जनावरं मारल्याचं तुम्ही ऐकलं असेल. मीठ घालून गाडी मारणारी बाई मात्र आमच्या सेनगाव तालुक्यात एकच झाली, आणि ती मी. हसा. मीही हसते. पण हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — मालकांना नाही, लेकीला नाही, देवापुढंसुद्धा मोठ्यानं नाही. आणि हसून झाल्यावर जे उरतं, ते तर...

ते पुढं सांगते. आधी मिठाचं. ते सोपं आहे.

मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती पिकअप सेकंडहँड घेतली तेव्हा पुसेगावात आमच्या गल्लीला दुसरी गाडी नव्हती. पांढरी, हौद्याला निळा पट्टा. सोयाबीन, कापूस, तूर, जे पिकेल ते तिच्यात बसून बाजारला जायचं. गाडी दारात लागली त्या दिवशी माझ्या थोरल्या जावेनं ओट्यावरून तिच्याकडं पाहिलं. असं पाहिलं, असं पाहिलं, की नजर लागलीच म्हणून मी धरून चालले. आता वाटतं, बिचारीला चष्मा लागला असेल. पण तेव्हा एवढा विचार कोण करतं?

आणि तेव्हाची मी कोण होते, माहीत आहे का? बचत गटाची अध्यक्ष! सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात 'अंधश्रद्धा सोडा' म्हणून भाषण ठोकलं होतं. टाळ्या पडल्या. गुरुजींनी नारळ दिला. तो नारळ घरी आणला आणि गाडीवरून उतरवून फोडला. ही अध्यक्ष!

लोक गाडीला लिंबू-मिरची बांधतात. मला ते कसं परवडणार? दिसतं ना ते. अध्यक्षबाईंच्या गाडीला लिंबू लोंबकळलं असतं तर गटातल्या बायांनी मला पापडासारखं भाजलं असतं. म्हणून मी न दिसणारा उपाय काढला. लेकराची दृष्ट काढताना मीठ-मोहरी ओवाळतो, तशी मीठ-मोहरीची पोटली बांधली, आणि गाडीच्या पोटात ठेवली.

पोटात म्हणजे चेसीत. चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा — दोन लांब लोखंडी पेट्या असतात, त्यांच्यावर इंजिन, केबिन, हौदा, सगळं बसतं. ड्रायव्हरच्या दाराच्या जरा मागं, खालून हात घातला की त्या पेटीला अंड्याएवढं भोक लागायचं. त्यातून पोटली आत सरकवायची. दर अमावास्येला नवी. जुनी काढायची? ती कशी निघणार! बोटानं आत ढकलायची आणि नवी ठेवायची. वर्षानुवर्षं. पावसाळ्यात त्या भोकातून खारट पाणी ठिबकायचं, तर मला वाटायचं — बघा, नजर गळून पडून राहिली.

आता गंमत ऐका. माझ्या स्वयंपाकघरात मिठाला चिनी मातीची बरणी होती. पत्र्याच्या डब्यात मीठ ठेवलं की मीठ डबा खातं, हे सासूनं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ते मी लेकीला शिकवलं, शेजारणीला शिकवलं. आणि गाडी कशाची होती? लोखंडाचीच ना? पण डोक्यात एका कप्प्यातलं दुसऱ्या कप्प्यात जाईल तर ती मी कसली!

इथपर्यंतचं मी कोणालाही सांगितलं असतं. चारचौघींत सांगून हशा मिळवला असता. मग का नाही सांगितलं? — कारण या गोष्टीत मिलिंद आहे.

मिलिंद आमचा ड्रायव्हर. गावच्या बौद्धवस्तीतला, तेव्हा पंचविशीचा असेल. गाडी मालकांची, पण जीव त्याचा. रोज संध्याकाळी धुवायचा, खालूनसुद्धा पाइप मारायचा. बोलायला तिखट. एकदा अमावास्येला सकाळी मी गाडीखालून उठत होते, पदराला चिखल, गुडघ्याला चिखल, आणि हा समोर उभा.

"काय झालं, काकू?"

"कोंबडीचं पिल्लू शिरलं होतं खाली."

त्यानं वाकून पाहिलं. पिल्लू कुठलं असायला!

"काकू, तुमचं पिल्लू मोठं हुशार हाय. दर अमावास्येला बराबर याच जागी शिरतं."

मी त्याच्या अंगावर खेकसले की तुझं काम कर. तो हसत हसत बादली घेऊन गेला. हे लक्षात ठेवा. मी विसरायचा फार प्रयत्न केला, पण तुम्ही लक्षात ठेवा.

मग एका दिवाळीनंतर तोच मालकांना म्हणायला लागला, "काका, गाडी एका अंगाला बसून राहिली. माझ्या बाजूचं दार लागंना झालंय." मालक म्हणाले, दाराला तेल घाल. त्यानं तेल घातलं. आठवड्यानं पुन्हा तेच — केबिन आणि हौद्यामधली फट वर मिटलीय, खाली रुंद झालीय. मालक म्हणाले, सोयाबीन संपू दे. सोयाबीनच्या गोण्या भरून तो तशीच गाडी जवळा बाजार गावच्या आडतीवर हाकत राहिला. खाली मोडत आलेला सांगाडा, वर ढिगानं गोण्या, आणि सगळ्यांवर राखण करायला माझ्या पोटल्या. त्या दिवसांत रस्त्यात चेसी तुटली असती तर? हा प्रश्न आजही भाकरी थापताना मध्येच येतो, आणि भाकरी जळते.

शेवटी गाडी सेनगावच्या गॅरेजला नेली. मीही सोबत गेले. मला बांगड्या भरायच्या होत्या — एवढंच कारण. नसते गेले तर? तर काही वेगळं झालं नसतं. उगाच म्हणते.

मिस्त्रीनं हौद्याचे नट कापले, साखळीनं हौदा वर उचलला. मग हातोडी घेऊन चेसी ठोकत निघाला. टण, टण, टण — डावी बाजू खणखणीत. उजव्या बाजूला आला. टण, टण, आणि मग भस्सकन हातोडी आत. लोखंडाचे पापुद्रे गळाले, वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखे. मिस्त्री दोन पायांवर बसला आणि शिट्टी वाजवली.

"काका, हे वरून न्हाई खाल्लेलं. आतून खाल्लंय."

"आतून कशानं?" मालक म्हणाले.

"खत सांडलं की असं व्हतं. न्हाईतर शेळ्या-मेंढ्याचं मूत. झिरपतं अन् आत बसून राहतं."

खत आम्ही ट्रॅक्टरवर आणायचो, ते मालकांना पक्कं ठाऊक. मग राहिल्या शेळ्या. मालक मिलिंदकडं वळले. तो टायरला टेकून उभा होता.

"बाजाराच्या दिवशी मला न सांगता शेळ्या भरत व्हतास व्हय रे माझ्या गाडीत?"

"न्हाई, काका."

"मंग हे काय आभाळातून पडलं?"

"एक शेळी जरी भरलेली कोणी पाहिली असंल तं आणा त्याला माझ्यासमोर. रोज धुतो मी गाडी."

"धुतो म्हणूनच! वास येऊ नये म्हणून धुतो!"

बघा कसं असतं. त्याचं चांगलं कामच त्याच्या अंगावर पुरावा म्हणून आलं. गाडी माझा भाचा चालवत असता, तर मालकांच्या तोंडून शेळ्या इतक्या लवकर निघाल्या असत्या का? नसत्या. मला तेव्हाही माहीत होतं, नसत्या.

मिस्त्री आपल्या नादात होता. स्क्रू-ड्रायव्हर आत घालून खरवडत होता. "पण ह्या एवढ्याच जागी काहून?" असं स्वतःशी पुटपुटत त्यानं आतून एक काळा, ओला गोळा ओढून काढला आणि माझ्या पायाशी फेकला. "उंदरानं घर केलं की काय!"

उंदरानं नव्हतं केलं. त्या गोळ्यातून चिमटीएवढी किनार बाहेर आली होती — पोपटी, लाल टिपक्यांची. माझी खणाची चोळी. फाटली तेव्हा तिच्या चिंध्या करून मी पोटल्या बांधल्या होत्या. सगळा गोळा काळा पडला, पण ती किनार मेली नव्हती.

आणि मी — इथंच अडखळते, दर वेळी इथंच — मी त्या गोळ्यावर पाय ठेवला.

बस. एवढंच केलं मी. चप्पल ठेवली त्याच्यावर, आणि निऱ्या सारख्या करायचं निमित्त करून उभी राहिले. मालक आणि मिस्त्री चेसीकडं पाहत होते. मिलिंद मात्र माझ्या पायाकडं पाहून राहिला होता. मग त्यानं वर माझ्या तोंडाकडं पाहिलं. वाट पाहिली त्यानं. माझी. मिस्त्रीची विडी पेटवून होईस्तोवर तरी पाहिली असेल.

मी काय बोलले? मी म्हणाले, "उन्हाचं इथं काहून उभं राहावं? मी बांगड्याच्या दुकानात जाऊन येते." आणि गोळा चपलेनं नालीत ढकलून चालू लागले.

त्यानं का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं स्वतःला. त्यानं सांगितलं असतं तर मी 'नाही' म्हणाले असते. साफ. वर रडलेही असते, की बघा, हा माझ्यावर काय घेतो. आणि मालकांनी माझं ऐकलं असतं. हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असणार. भीती कशाची होती मला? मालक काही मारकुटे नव्हते. चार दिवस बोलले असते. जाऊ हसली असती, गटातल्या बाया हसल्या असत्या, अध्यक्षपद गेलं असतं. हसण्याची भीती. एका माणसाची भाकरी आणि माझ्यावरचं हसू, आणि तराजू माझ्या हातात.

मिस्त्रीनं सडलेला तुकडा गॅसनं कापून काढला. भंगारातल्या तसल्याच गाडीच्या चेसीचा चांगला तुकडा आणून जोडला, आतून-बाहेरून पट्ट्या मारून वेल्डिंग केलं, काळा रंग दिला. काम एवढं सफाईदार की जोड शोधावा लागायचा. गाडी परत दारात आली. मिलिंद आला नाही. मालकांनी गॅरेजमध्येच त्याच्याकडून चावी घेतली होती.

गावात गोष्ट फिरली — चोरून शेळ्या भरायचा, मालकाची गाडी खाल्ली. ज्याच्या गाडीला तो विचारायला जाई, तो म्हणे, ड्रायव्हर हाय आमच्याकडं. पुढच्या हंगामात मी जवळा बाजारला गेले तर तो आडतीवर हमाली करत होता. आमच्याच गाडीतून आमच्याच गोण्या त्यानं पाठीवर घेतल्या. मी केबिनमध्ये बसून होते. काच वर केली. ऊन लागतं म्हणून, असं नव्या ड्रायव्हरला सांगितलं. ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या अमावास्येला माझा हात सवयीनं मिठाच्या बरणीत गेला. तिथंच थांबला. पोटली नाही बांधली, पुन्हा कधीच नाही. जाऊ ओट्यावरून पाहतच होती, आणि गाडी पुढं कितीतरी वर्षं बिनतक्रार चालली. मी गटाचं अध्यक्षपदही पुढं चालवलं. भाषणंही केली. तीच.

मग मालक गेले. जाऊ गेली. गाडी भंगारात गेली. ज्यांच्या हसण्याला भ्याले ती माणसं एकेक करून संपली, आणि तरी मी सांगितलं नाही. आता बोला! भीती होती म्हणत होते ना? भीती संपल्यावर काय होतं मग? मला वाटतं, सवय. शिवाय एक गोष्ट मी मनाशी घट्ट धरून होते — की मिलिंदला काही कळलं नसेल. त्यानं माझ्या पायाकडं पाहिलं ते उगाच. पिल्लाचं तो विसरला असेल. चिंधी ती चिंधी, त्याला काय ओळखू येणार!

या वर्षी तुरीच्या शेंगा भरायच्या दिवसांत मी जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला गेले होते. गुडघे दुखतात, पण बाजार सुटत नाही. एसटी निघून गेली होती. फाट्यावर पिशवी घेऊन उभी होते, तेवढ्यात एक पिकअप कडेला येऊन थांबली. स्वच्छ धुतलेली, खालपर्यंत. खिडकीतून जे डोकं बाहेर आलं त्याचे केस पिकले होते, पण मी ओळखलं. त्यानंही ओळखलं. इतक्या वर्षांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, वाटेत दिसला की वाट बदलायचा.

मला वाटलं, हीच वेळ आहे. आता सांगायचं — मिलिंद, ते मीठ माझं होतं, शेळ्या नव्हत्या. जीभ उचलली. खरंच उचलली. आणि बाहेर काय पडलं? "पुसेगावला चाललास का रे?"

त्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरला, वळसा घालून माझ्या बाजूला आला, दार उघडून धरलं आणि माझ्या पदराकडं पाहत म्हणाला —

"बसा, काकू. पण पदरात मिठाची पोटली असंल तं आधी हितंच खाली ठेवा. ही गाडी माझी हाय."