कऱ्हाडच्या माळावर विमान बघायला

आम्ही नवराबायकोने मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले वाल गरम पाण्यात घालून ओटीवर बसलो होतो आणि बिरड्यासाठी (सोललेल्या वालांच्या कालवणासाठी) एकेक दाणा चिमटीत धरून साल काढत होतो. माझ्या चिमटीतून दाणे उडत होते. ही म्हणाली, "तुमी नुसतं सांडताव. त्यापेक्षा सुरेखाच्या संगती कऱ्हाडला जा. तिथं चार बाप्ये बसतील नि पोरीचं कोण ऐकणार नाय."

"मला विमानातलं काय कळतंय?"

"कळू नका देऊ. नुसतं उभं रवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जरा टेकते म्हणून आडवी झाली ती उठलीच नाही. त्यावर मी जास्त लिहीत नाही. तेरावं झालं आणि कऱ्हाडला निघालो.

सुरेखा आमची एकुलती एक. विमान चालवते. सुकापूरच्या शेतकऱ्याची पोरगी विमान चालवते, हे दोनदा वाचा. मी चौथीपर्यंत शिकलेलो, हिला सहीसुद्धा येत नव्हती. जमीन नव्या पनवेलात गेली तेव्हा लोकांनी घरावर मजले चढवले. आम्ही पोरीला विमान शिकायला घातली. भावकी हसली. हसू दे.

पनवेलचे एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत. गावोगाव शिबिरं घेतात. त्यांना लहान विमान घ्यायचं होतं. चालवणार सुरेखा, म्हणून कुठलं घ्यायचं तेही तिनेच ठरवायचं, असं बोलणं झालं होतं. ते बोलणं किती खरं ते कऱ्हाडला कळणार होतं.

डॉक्टरांच्या व्हॅनमधून सकाळी निघालो. खोपोलीच्या वर घाटात एक ट्रक आडवा पडलेला. तासभर तिथेच. डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "म्हणूनच विमान पाहिजे." पुढे पुण्याबाहेर जेवलो. पिठलं, भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). आमच्याकडे कालवणात मासळी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही, पण खर्डा झकास होता. डोळ्यांतून पाणी आलं. सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मिरची हाय." ती म्हणाली, "हाय." आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

खंबाटकीचा घाट उतरलो की मुलूख बदलतो. आमच्याकडे खाडी, चिखल, मिठाचं पांढरं. इथे उसाची हिरवी भिंत आणि वर बोडके डोंगर. कऱ्हाडला माळावर धावपट्टी आहे. तिच्या कडेला पत्र्याची मोठी शेड आणि शेडीपुढे दोन विमानं उभी.

एक पांढरंशुभ्र, दोन इंजिनांचं, आत चामड्याच्या खुर्च्या. दुसरं त्याच्यापुढे गरीब. एक इंजिन, पंख छपरासारखे डोक्यावर, रंग उडालेला. डॉक्टर सरळ पांढऱ्याकडे गेले. विकणारा दलाल गोड बोलायचा. त्याच्याबरोबर त्याचाच वैमानिक होता, काळा चष्मा लावलेला.

सुरेखा म्हणाली, "सर, आधी हे छोटं बघू या."

दलाल हसला. "मॅडम, डॉक्टरांना बैलगाडीत बसवता का?"

डॉक्टरही हसले. "अगं, दोन इंजिनं आहेत. एक बंद पडलं तर दुसरं आहे."

खरं सांगतो, मलाही ते पटलं. पोरीला दोन इंजिनं मिळाली तर कुठल्या बापाला नको? सगळी मंडळी कागद बघायला शेडीत गेली. दलाल जाताना मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसणार का विमानात?"

"पोरगी बसवील त्यात बसेन."

मी बाहेर एकटाच राहिलो. मनात म्हटलं, डॉक्टरांचं ठरलंच दिसतंय, तर मुहूर्ताचं आपण करून टाकू. आमच्याकडे नवी होडी पाण्यात घालताना तिच्या नाळेला (पुढच्या टोकाला) कुंकू आणि अक्षता लावतात. नाळेला लावल्याशिवाय होडीत पाय ठेवत नाही. पुडी मी घरूनच आणली होती. मोठ्या विमानाला नाक होतं, पण पंखाखाली एक बारीक नळी पुढे आलेली होती. सगळ्यात पुढे वाऱ्याला भिडणार ती तीच, असं मला वाटलं. कुंकू ओलं केलं, नळीला लावलं आणि तिच्या तोंडाशी अक्षता दाबल्या. हात जोडले.

मंडळी बाहेर आली. मोठ्या विमानातून एक फेरी मारायची ठरलं होतं. वैमानिक आत चढायला लागला. "चला डॉक्टर, सगळं तयार आहे."

सुरेखा चढली नाही. ती विमानाभोवती फिरायला लागली. चाकं दाबून पाहिली, पंखाची मागची पट्टी हलवून पाहिली. दलाल म्हणाला, "मॅडम, आरती ओवाळताय काय?" ती पंखाखाली वाकली आणि नळीला डोळा लावला. मग सरळ झाली ती माझ्याकडे बघतच.

"बाबा, ह्या अक्षता तुमी घातल्याव?"

"घातल्या. नाळेला घालतो ना आपण."

"ही नाळ नाय, बाबा. ह्यातून वारा आत जातो, त्यावर वेगाचा काटा चालतो. तोंड बुजलं तर काटा खोटं सांगतो. वर गेल्यावर आपण किती वेगात हाव तेच कळत नाय."

वैमानिक खाली उतरला. म्हणाला, "मी सकाळीच तपासलं होतं."

सुरेखा म्हणाली, "सकाळी बाबा आले नव्हते."

डॉक्टर मोठ्याने हसले. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी त्या नळीकडे पाहिलं, वैमानिकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुरेखा, आता तू सांग."

ती बोलायला लागली. आवाज चढवला नाही. "सर, तुम्ही उतरणार कुठे? साखर कारखान्यांच्या आखूड धावपट्ट्यांवर. तिथे खडी असते. ह्याच्या इंजिनांचे फिरते पंखे जमिनीजवळ आहेत, खडी उडून त्यांनाच लागणार. पट्टीही ह्याला लांब लागते. तुमच्याबरोबर एक सिस्टर आणि औजारांच्या पेट्या, बाकी खुर्च्या रिकाम्याच जाणार. दोन इंजिनं म्हणजे दुरुस्तीही दोनदा. छोटं थोड्या जागेत उतरतं आणि थोड्या जागेत उडतं. तुम्हाला मिरवायचं असेल तर हे घ्या. शिबिरं घ्यायची असतील तर ते."

दलाल म्हणाला, "डॉक्टर, एक फेरी तरी..."

"नको," डॉक्टर म्हणाले. "ती नको म्हणते."

मग छोट्यातून फेरी झाली. सुरेखाने चाकापासून सगळं पुन्हा तपासलं. मला विचारलं, "ह्याला काय लावलंव का?" मी रिकामे हात दाखवले. पुढे ती आणि डॉक्टर, मागे मी. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिचाही पट्टा लावला. सुरेखाने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "बरं केलंव. मोकळा ठेवत नाय."

पंख डोक्यावर, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. कृष्णा आणि कोयना दोन बाजूंनी येऊन समोरासमोर भेटतात. उसाच्या शेतांत पाटाचं पाणी चमकत होतं. उतरताना विमान पट्टीला इतकं हळू टेकलं की मला कळलं नाही.

पनवेलला परत आलो तेव्हा बरीच रात्र झाली होती. गाडीत मी विचार करत होतो. आयुष्यात मी बैल घेतले, होडी घेतली, बायको मात्र आईने पसंत केली. घेताना मी चांगलं काय तेच बघायचो. सुरेखाने आधी विचारलं, काम काय. एवढं मला साठी उलटून गेल्यावर कळलं, आणि शिकवलं पोटच्या पोरीने. त्याची मला लाज वाटली नाही, छाती भरून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेऊन मी दूध आणायला गेलो. ही गेल्यापासून गावात निघालो नव्हतो. दूधवाल्यापुढे रांग होती. मला बघून बायकांनी पदर तोंडाला लावला. चुलतभाऊ जवळ आला नि हळूच म्हणाला, "दादा, कसं काय हाय?"

मी म्हटलं, "काल आमच्या सुरेखाने एक विमान नाकारलं."

"नाकारलं? का?"

मी किटली खाली ठेवली आणि घाटात आडव्या पडलेल्या ट्रकापासून सांगायला लागलो.