राउंडअबाउटवरची पंगत

दोह्यात ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा मला नडला तो माझा चांगुलपणा. राउंडअबाउटवर डावीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं, असा नियम. मी डावीकडून येणाऱ्यांना जाऊ दिलं, मग लांबून येणाऱ्यांना, मग जे बहुधा येतील त्यांनाही. मागे हॉर्नचा बँड सुरू झाला. शेजारी बसलेली पोलीसबाई “खलास” म्हणाली आणि तिनं मला गाडी बाजूला घ्यायला लावली.

दुसऱ्या खेपेला माझ्या पाठोपाठ, त्याच राउंडअबाउटवर, आणखी एक बाई नापास झाली. ती केनियाची, मोंबासाकडची, अल गराफातल्या एका नर्सरीत शिकवणारी. परतताना आम्ही मागच्या सीटवर रडवेल्या होऊन बसलो होतो. तिनं इंग्रजीत विचारलं, मी एवढी कोणासाठी थांबले होते? मी म्हटलं, एक पांढरी लँडक्रूझर येत होती ना. ती म्हणाली, ती पार्क केलेली होती. मग आम्ही दोघी जे हसत सुटलो, ते पोलीसबाईनं आरशातून दोनदा बघितलं तरी थांबलोच नाही. मैत्री झाली ती अशी.

आमच्या बिल्डिंगमधल्या एकीनं मला बाजूला घेऊन विचारलंच, त्या काळ्या बायकांशी तुझं एवढं काय? मी माझा हात तिच्या नाकासमोर धरला. लहानपणी मला साय आणि डाळीचं पीठ चोळून चोळून घरातली माणसं थकली, मी काही उजळले नाही. तिकडे मोंबासात माझ्या मैत्रिणीवर तिच्या मावशीनं क्रीमच्या डब्याच्या डब्या रिकाम्या केल्या होत्या. दोन घरांची एवढी मेहनत पाण्यात गेल्यावर आमचं जमायलाच हवं होतं.

मला लायसन्स हवंच होतं. पर्ल नावाच्या श्रीमंत वस्तीत भाड्याचे फ्लॅट दाखवायची नोकरी समोर आली होती, लग्नानंतरची माझी पहिली. पण महिनाअखेरीपर्यंत गाडी चालवता आली पाहिजे, नाहीतर ती दुसरीला जाणार. त्याआधी परीक्षेची एकच तारीख मिळाली होती, माझ्या मैत्रिणीलाही तीच. मला तर रात्री स्वप्नातही गाड्याच गाड्या दिसत आणि मी त्यांना “या, या” म्हणत असे.

रोगाचं निदान माझ्या मैत्रिणीनं केलं. तुमच्याकडे जेवायला शेवटी कोण बसतं, असं तिनं विचारलं. म्हटलं, कोण म्हणजे, बाईमाणूस. “आमच्याकडेही,” ती म्हणाली. “म्हणजे आपल्याला गाडी येते. घुसता येत नाही.”

मग दर शुक्रवारी तिच्या खोलीवर सराव सुरू झाला. पातेलं मधे. झाकण उघडलं की लगेच स्वतःला वाढून घ्यायचं, आणि “आधी तू घे” असं जी म्हणेल तिनं भांडी घासायची. पहिल्या शुक्रवारी दोघींनी मिळून घासली. तिसऱ्या शुक्रवारपर्यंत आम्ही चमच्यांनी लढत होतो आणि भात गालिच्यावर होता. घरीही मी पहिली गरम पोळी स्वतःच्या ताटात घेतली. नवऱ्यानं घाबरून विचारलं, बरं नाही का तुला? अभ्यास करतेय, असं सांगितलं.

याच काळात आमचा स्टीलचा एक डबा इकडून तिकडे फिरत होता. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही रीत मोंबासातही आहे हे कळल्यावर तो कधी थांबेचना. माझ्या खोबऱ्याच्या वड्या जायच्या, तिचे नारळाच्या दुधातले गोड वडे यायचे.

परीक्षेच्या दिवशी तो डबा तिच्या मांडीवर होता. मी चालवत होते, ती मागे, आणि मागच्यांनी बोलायचं नाही अशी ताकीद. राउंडअबाउट आला. एक गाडी गेली, दुसरी गेली. पुढे चांगली मोकळी जागा दिसत होती आणि माझा पाय ब्रेकवरून हलेना. गेली नोकरी, असं मनात आलं. इतक्यात मागून आवाज आला, टक्क. डब्याचं झाकण.

मी घुसले. इतकी सुरेख घुसले की मलाच माझं कौतुक वाटलं. मग आम्ही जागा बदलल्या. ती त्याच जागी अडली आणि मी मागून झाकण उघडलं.

गाडी थांबवून पोलीसबाई वळली. “भूक कोणाला लागली आहे?” तिनं डबा मागून घेतला, कुणाला काही न विचारता पहिला वडा उचलला, आणि खाऊन झाल्यावर म्हणाली, दोघी पास. हिला कुणी शिकवलं असेल, याचं मला भारी नवल वाटलं.

तिथूनच मी चिपळूणला आईला फोन लावला. तिनं आधी विचारलं, जेवलीस का? मी तिला सगळी हकिगत सांगितली, पातेल्यासकट. ती पोट धरून हसली. मग मी विचारलं, तू जेवलीस?

“नाही गो. बाबा बाजारातून यायचेत अजून.” मग तीच म्हणाली, “थांब हां जरा.”

आणि फोनमधून मला पातेल्यावरचं झाकण उघडल्याचा आवाज आला.